जाळीत पाय अडकला असावा

माणूस दारातून आत आला की लोक त्याचा चेहरा बघतात, फार तर कपडे. मी पाय बघतो. शून्य म्हणजे चाल ठीक, एक म्हणजे किंचित संशय, दोन म्हणजे उघड दोष, तीन म्हणजे फरपट. पंचवीस वर्षं हे आकडे मांडून मांडून आता ते आपोआप पडतात. आमच्या संचालकांची चाल शून्य. बढतीच्या यादीत नाव आलं त्या महिन्यात त्यांच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, पण तो दोष मी धरला नाही. शेजारचे वकील घरातून निघताना दोन आणि कोर्टातून परतताना शून्य. त्यात काय पाणी मुरतंय ते त्यांच्या बायकोनं बघावं. असल्या नोंदी मी मनातच ठेवतो. बोलून दाखवल्या तर लोक माझ्यासमोर चालायचेच थांबतील.

धंदा म्हणाल तर रसायनं माणसाच्या मेंदूला आणि नसांना किती बाधतात ते तपासणं, आणि किती बाधणार नाहीत तो आकडा ठरवणं. पहिलं काम उंदरांवर होतं, दुसरं कागदावर. उंदीर चावतात. कागद चावत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला उंदीरमामा म्हणतो. आई गेली तेव्हा मी अकराचा होतो आणि दादाच्या नव्या संसारात आयता जाऊन पडलो. वहिनी बावीसची. तिनं मला वाढवलं, चोपलं, अभ्यासाला बसवलं. लाडात असली की अरे-तुरे. बिनसलं की मी ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’. दादा निवृत्त झाल्यावर “दिवसभर एकमेकांची तोंडं किती बघायची?” म्हणून ती बुटांच्या कारखान्यात लागली. तळ चिकटवायचं काम. त्याला चार वर्षं झाली.

त्यांच्या घरी ओट्यापासून दारापर्यंत वहिनीची आठ पावलं. बेल दाबली की मी मोजतो, लहानपणापासूनची खोड. त्या रविवारी दुपारी दहा झाली. आणि आवाज निराळा. टाच टेकते, मग पंजा अलगद खाली यायला हवा. तो अलगद येत नव्हता, पडत होता. टप्-थप. टप्-थप. ओलं फडकं फरशीवर टाकल्यासारखा.

“आत ये की. पाय काय बघतोयस? चिखल लागलाय का?” वहिनी म्हणाली.

“नंबर देतोय तुला,” दादा पेपरामागून म्हणाला. “काय रे उंदीरमामा, पास का नापास?”

“वहिनी, पाय दुखतोय?”

“दुखत कुठं काय? मुंग्या येतात फक्त. आणि चप्पल... यांनाच विचार, सगळ्या गल्लीला सांगून झालंय.”

दादानं पेपर खाली ठेवला. “परवा भाजी घेऊन आली. एक चप्पल पायात, एक चौकात! चौकातून इथवर एका पायानं अनवाणी चालत आली आणि पत्ता नाही. मी म्हटलं, बघ, चपलेनंसुद्धा काडीमोड घेतला.”

दोघं हसली. मीही हसलो. हसताना डोक्यात काय चाललंय ते दिसू न देणं हे आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात.

कारण हा आवाज मी आधी ऐकलेला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, एका सत्तावीस नंबरकडून.

तेव्हा आम्ही चाळीस उंदरांना बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्युशनमधल्या द्रवाची वाफ दिली होती. दहांना नुसती स्वच्छ हवा, दहांना थोडी वाफ, दहांना मध्यम, दहांना भरपूर. चाल बघायला मी होतो. कुठला उंदीर कुठल्या गटातला, ते चाल बघणाऱ्याला सांगत नाहीत. कळलं की नजर पक्षपात करते. मागच्या पायांना निळी शाई लावायची, कागदाच्या लांब पट्टीवरून चालवायचं, ठसे बघायचे, कान देऊन ऐकायचं, आकडा लिहायचा. नवव्या आठवड्यात सत्तावीस नंबर पट्टीवरून गेला तो थप् थप् करत. बोटांच्या पुढे शाईची बारीक रेघ ओढली गेली होती. मी ‘दोन’ लिहिलं.

मग गट उघड झाले. सत्तावीस मधल्या गटातला निघाला. त्या गटातले बाकीचे नऊ ठणठणीत. मोठे साहेब, तेव्हाचे प्रमुख, माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसले. “एका उंदरापायी सबंध गट बुडवायचा? मधला डोस निर्धोक धरला तर आकडा कारखान्यांना पाळता येईल असा निघतो. खालचा धरला तर पाचपट कडक. कोण पाळणार? पाय अडकला असेल की पिंजऱ्याच्या जाळीत. अडकतात.”

अडकतात, हे खरं होतं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘जाळीत पाय अडकला असावा. हिशेबात धरू नये.’ सत्तावीस वगळला. मधला डोस निर्धोक ठरला. त्याला उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी भागलं, माणसामाणसांतल्या फरकासाठी भागलं, आणि आकडा तयार. पुढं मी हे आकडे मंजूर करणाऱ्या समितीचा सचिव झालो आणि त्या आकड्याखाली माझीच सही आली.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीच्या कारखान्यात गेलो. लांबट खोली, अकरा बायका, बुटके स्टूल. प्रत्येकीपुढं उघडा डबा आणि ब्रश. खिडक्या बंद, कारण सोल्युशनवर धूळ बसली तर तळ नीट धरत नाही. वास गोडसर. पाच मिनिटांत तो येईनासा झाला. वास जात नाही, नाक हात टेकतं.

“हे आमचे धाकटे दीर,” वहिनीनं खोलीला सांगितलं. “तो भिंतीवरचा आकडा आहे ना, तो यांनी काढलाय. आणि आकडा काढणाऱ्याला मी आंघोळी घातल्यात.”

बायका खिदळल्या. मी भिंतीकडं पाहिलं. प्लास्टिकमध्ये घातलेली पाटी: हवेत अमुक इतकं असेल तर धोका नाही. खाली माझी सही. सहीभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता. कुणी, ते विचारायची गरज नव्हती.

वहिनीच्या कमरेला हवा तपासायचा छोटा पंप बांधला, नळी खांद्यावर अडकवली, दिवसभराची हवा ओढून घेतली. आकडा आला मर्यादेच्या निम्म्याहून जरासा वर. सुपरवायझरनं माझ्या हातावर टाळी द्यायचंच बाकी ठेवलं. “बघा साहेब! तुमच्याच आकड्याच्या आत आहोत आम्ही. आरामात.”

संध्याकाळी मी वहिनीला म्हणालो, “हे काम सोड.”

“का?”

“पायांना बरं नाही.”

“डॉक्टर म्हणाले, वय झालं. गोळ्या दिल्यात.”

“तो वास चांगला नाही, वहिनी.”

“पाटीवर काय लिहिलंय? मोजलंस ना तू? आत आलं का बाहेर?”

“आत.”

“मग? तिथं नव्या पोरी येतात, घाबरतात. त्यांना मी पाटी दाखवते. म्हणते, आमच्या घरची सही आहे, बसा बिनघोर. आता मीच उठून जाऊ?” मग आवाज बदलला. “भावजी, आधी तुम्ही लिहिलेलं तुम्ही तरी वाचा.”

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं, बघू.” वेळ मारून नेण्यात माझा हातखंडा आहे, एकोणीस वर्षं नेली, आणखी तीन आठवडे नेले. तीन आठवड्यांत दहाची बारा पावलं झाली. दिवसासुद्धा कानात थप् थप् येऊ लागलं. आमच्या कार्यालयाच्या गालिच्यावर कुणाच्याच पायाचा आवाज होत नाही, तिथंही. मान वर करावी तर कुणी नाही. मग पुन्हा मान खाली घालावी, आणि टेबलाच्या कडेजवळून थप् थप्.

शेवटी तळघरात गेलो, जुन्या नोंदींच्या भांडारात. सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा नाकावर ओढून यादीतून बोट फिरवलं. “सत्तावीसची पट्टी आहे. आणि मेणाचा ठोकळा. दोन्ही मागच्या पायांच्या नसा. कापलेला नाही.” माझ्याकडे पाहिलं. “बाकी सगळ्यांचे कापून तपासलेत. याचाच का राहिला?”

“हिशेबात धरला नव्हता.”

“पण ठेवलाय मात्र जपून,” त्या म्हणाल्या.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी सगळेच उंदीर मारतात आणि त्यांच्या नसा मेणात बसवतात. सत्तावीसची नस एकोणीस वर्षं त्या मेणात तशीच होती. कुणी विचारलं असतं तर सांगायला तयार.

मी ठोकळ्यातून पातळ काप काढवून काचेवर घेतला. तो स्वच्छ हवेतल्या पाच उंदरांच्या काचांमध्ये मिसळला आणि नंबर झाकून आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडं दिला. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नव्हता. तासाभरानं ती आली.

“पाच ठीक आहेत सर. चौथी काच वाईट. नसा जागोजागी फुगल्यात. सापानं काहीतरी गिळल्यावर दिसतो ना, तशा. कुठल्या गटातली?”

“त्याचा पाय जाळीत अडकला होता.”

“दोन्ही?” ती म्हणाली. “दोन्ही पायांच्या आहेत, सर. आणि दोन्ही सारख्या.”

रविवारी पट्टी घेऊन वहिनीकडं गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. निळे ठसे, आणि बोटांच्या पुढं ती रेघ. सगळं सांगितलं. ‘असावा’सुद्धा. दादाचा पेपर कधीच खाली आला होता.

वहिनीनं ती रेघ नखानं खरवडून पाहिली. मग दादाला म्हणाली, “परातीत पाणी आणा. आणि तो खाकी कागद.”

पाय बुडवून ती कागदावरून चालली, भिंतीला हात धरून. टप्-थप. ओले ठसे उमटले. मोठे, माणसाचे, बाकी सगळं तेच. बोटांच्या पुढं पाण्याची रेघ. ती हळूहळू वाळत गेली.

“म्हणजे तेव्हा तुला दिसलं होतं,” वहिनी म्हणाली.

“दिसलं होतं. मी ‘दोन’ लिहिलं होतं.”

“कुठला, कुणाचा, ते ठाऊक नव्हतं तेव्हा बरोबर दिसलं. आणि ठाऊक झाल्यावर दिसेनासं झालं.”

मी मान हलवली.

“वहिनी, उद्यापासून जाऊ नकोस. आणि ऐक. सोडलंस म्हणून लगेच बरं वाटणार नाही. उलट बिघडत जाईल, दोन-तीन महिने. नसांना झालेली इजा मागाहून वर येते. मग थांबेल. मग हळूहळू परतेल.”

“सगळं परतेल?”

“बहुतेक.”

“बहुतेक,” ती म्हणाली. “हे पण तुमचं ‘असावा’च ना, भावजी?”

दादानं परात उचलली आणि मोरीत नेऊन ओतली. त्याच्या पाठीकडं बघवेना.

“मी उद्या जाणार,” वहिनी म्हणाली. “शेवटची. तुम्ही बरोबर यायचं.”

सोमवारी तिनं सुपरवायझरलाच स्टुलावर चढून पाटी काढायला लावलं. तो “वरून लेखी आल्याशिवाय...” म्हणत होता. “वरचाच माणूस आणलाय,” ती म्हणाली. “उतरवा.” मग मला खोलीच्या कोपऱ्यात बसवलं, तोंड भिंतीकडं. पाटीच्या जागी भिंतीचा चौकोन बाकीच्यापेक्षा गोरा राहिला होता. बरोबर माझ्या डोळ्यांसमोर.

“मागं वळायचं नाही. कोण चालतंय ते सांगणार नाही. फक्त ऐका आणि आकडा बोला. मी लिहिते.”

दहा बायका एकेक करून अनवाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या. पहिल्या दोघी हसत होत्या, ते श्वासावरून कळत होतं. शून्य, मी म्हणालो. शून्य. तिसरी निघाली आणि खोलीतलं हसू बंद झालं. मला एकदम त्या शाईचा वास आला.

“दोन,” मी म्हणालो.

चौथी शून्य, पाचवी एक. सहावी कोवळी असावी, पाऊल हलकं होतं, झरझर टाकलेलं; तरी पंजा पडत होता. “दोन.” मागं कुणीतरी “अगं बाई” म्हणालं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. दहा झाल्यावर वहिनीनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. तीन जणींच्या नावापुढं दोन, दोघींच्या पुढं एक. शेऱ्याचा रकानासुद्धा आखला होता तिनं. तो कोरा होता.

“तिथं काही लिहू नका,” ती म्हणाली. “नुसती सही करा.”

मी सही केली. आकडा चुकला आहे, सत्तावीस नंबर धरायला हवा होता, तो शेरा माझा आहे, असं पत्र त्याच दिवशी समितीला दिलं. संचालकांनी बोलावून घेतलं. ते येरझारा घालत होते. चाल शून्य, पण टाचा फार वाजत होत्या. समितीनं पत्र मिळाल्याचं कळवलं आहे. कारखान्यानं खिडक्या उघडल्या. सोल्युशनवर धूळ बसते, तळ सुटतात, अशी त्यांची तक्रार आहे. त्या पाचजणींना तपासायला नेलं. सहाव्या खेपेला चाललेली ती कोवळी एकोणीस वर्षांची निघाली.

वहिनीला काम सोडून सात आठवडे झाले. सांगितलं होतं तसंच चाललंय, बिघडत. जन्मात माझा एकही अंदाज इतका तंतोतंत उतरला नव्हता.

मी रोज संध्याकाळी जातो. बेल दाबतो. आत खुर्ची सरकते, भांडं ठेवल्याचा आवाज येतो, मग टप्-थप. दादा उठत नाही. तिनंच बजावलंय, दार मी उघडणार. काल सोळा झाली होती.

“मोजू नकोस रे,” ती आतून ओरडते. “येतेय मी.”

मी कपाळ दाराला टेकवून उभा राहतो. तेरा. चौदा. दारापलीकडं ती भिंत धरून दम घ्यायला थांबते, आणि माझ्या पायांजवळ, रिकाम्या पायरीवर, दुसरं कुणीतरी थप् थप् करत चालतच राहतं.