वरून अठ्ठेचाळीस, खालून चोपन्न

मित्रांनो, मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. अंग काळे, छप्पर पिवळे आणि हॉर्न असा की राळेगावच्या बाजारात माणसे अर्धा चहा टाकून धावत. नऊ जणांच्या जागेत मी सतरा नेले, वर दोन बकऱ्या. मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि मी तांड्यातल्या लिंबाखाली पडले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. "इकून टाक हे खटारं," असे जो तो माझ्या मालकाला, भावसिंगला सांगे. फार वाईट वाटे हो!

एके दिवशी त्याची लेक बबिता हिचा फोन आला. ती विमान चालवायला शिकत होती. "बा, शनिवारी मी पहिल्यांदा एकटी विमान नेऊन राह्यली. यवतमाळच्या धावपट्टीवरून नदीपलीकडच्या धावपट्टीवर. अठ्ठेचाळीस किलोमीटर. तिथं एक तास थांबून पुढं नागपूर."

भावसिंगला लेकीचे उडणेही बघायचे होते आणि उतरणेही. "अठ्ठेचाळीस म्हंजे तासाभराचा रस्ता," तो म्हणाला. त्याने कोंबड्या हाकलल्या आणि मला नवी बॅटरी घातली. त्याची बायको जमनी हिने चुरम्याचा डबा बांधला. लेक उतरली की पहिला घास आईच्या हातचा, हा तिचा हट्ट होता.

शनिवारी यवतमाळला आमच्या डोळ्यांदेखत विमान उडाले. भावसिंगने फाटकावरच्या पहारेकऱ्याला रस्ता विचारला, तर तो हसायलाच लागला.

"काका, अठ्ठेचाळीस आभायातून हाये! रस्त्यानं शहाण्णव. नदीवरचा पूल किती दूर हाये, मालूम नाही का?"

तीस वर्षे किलोमीटरवर पोट भरलेला माणूस किलोमीटरलाच फसला! भावसिंग डोक्याला हात लावून बसला.

जमनी कडाडली, "लेक आभायात, अन् तुमी इथं बसून राह्यले! आपले वाडवडील बैल घेऊन लदेणीले जात, तवा पूल व्हता का?"

भावसिंग ताडकन उठला. त्याचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून त्याच नदीपलीकडे जात. ती वाट त्याला लहानपणीच त्यांनी पायी दाखवली होती. खिंडीतून सरळ जायचे, मग उथळ पाण्यातून नदी ओलांडायची. त्याने माझ्या मीटरचे आकडे शून्यावर आणले आणि मला थाप मारली. "चाल माझे माय, आज इज्जत राख!"

मग काय, मित्रांनो! दगड म्हणू नका, काटे म्हणू नका, मी सुटले. नदीत पाणी सायलेन्सरपर्यंत आले. खोकले, ठसकले, पण थांबायचे नाव नाही. धूळ उडवत धावपट्टीच्या कुंपणाशी पोहोचले, तर विमान अजून उभेच होते!

बबिता धावत आली. जमनीने तिच्या तोंडात चुरमा कोंबला आणि रडू लागली. "याडी, माझे माय, इतक्या लवकर आल्या कशा?" असे म्हणत बबिताने माझ्या मीटरमध्ये डोकावून पाहिले. चोपन्न! ती हरखली. "बा, म्या वरून जी सरळ वाट धरली, तीच आपल्या बैलांची!"

भावसिंगच्या मिशीवर पीळ चढला. मला तर पंखच फुटायचे बाकी होते.

मित्रांनो, जुन्या गाडीला लिंबाखाली टाकू नका. तिचे तेलपाणी बघा, कोंबड्या हाकला. आता मला कोणी खटारे म्हणत नाही. दर शनिवारी जमनी ओल्या फडक्याने माझे छप्पर घासते. तांड्यावरून जाताना लेकीला वरून पिवळे दिसले पाहिजे ना!