गवतात अडकणं हाच माझा धंदा

मी एक नकली मासा बोलतोय. बोलतोय कसला, बोंबलतोय. इतकी वर्षं पोटातले छर्रे खुळखुळ वाजवत आलो, तेवढंच काय ते बोलणं. आज मात्र सगळं सांगणार. कुणाला राग आला तर येऊ दे.

अंगठ्याएवढा आहे मी. प्लास्टिकचा, चपटा, पोकळ. पोटाखाली तीन काट्यांचा एक गळ, शेपटीला तसाच दुसरा. माझ्या जातीतल्या बाकीच्यांना तोंडापुढे जिभेसारखी एक पट्टी असते, ती त्यांना खोल पाण्यात नेते. मला ती नाही. मी उथळ पाण्याचा. पाण्याखाली जिथं गवत माजलंय, त्या गवताच्या शेंड्यांवरून थरथरत जायचं, हा माझा धंदा. एका कारखान्यात जन्मलो, लाल झिंग्याचा रंग अंगावर चढला, आणि अलाबामातल्या एका चारा-बियाण्याच्या दुकानात भिंतीवर लटकलो. तिथून होइट टिडमोरनं मला उचललं.

होइट म्हणजे गायीगुरांचा माणूस. घरामागं त्याच्या बापानं खणलेलं तळं. कमरेएवढं पाणी आणि त्यात हे गवत, दाट, म्हशीच्या शेपटीसारखं. पहिल्याच फेकीला मी अडकलो. मला वाटलं, झालं, मेलो इथंच. होइटनं गळाच्या काठीला असा झटका दिला की गवत फाटलं, मी छर्रे वाजवत उसळलो, आणि त्याच क्षणी धाडकन् काहीतरी माझ्यावर आदळलं. बास मासा! हा मासा गवतात दबा धरून बसतो. सरळ चाललेल्याकडं ढुंकून बघत नाही. अडकून, घाबरून सुटलेला दिसला की झडप घालतो. म्हणजे अडकल्याशिवाय माझ्या धंद्यात काही नाही.

तरी मी गवताला शिव्याच द्यायचो. दर फेकीला गळावर झिपऱ्या. होइट त्या ओरबाडून काढायचा, पँटला पुसायचा, आणि तोही शिव्या द्यायचा. चर्चमधला सज्जन माणूस, पण तळ्यावर तोंड सुटायचं.

त्या गवतात एक म्हातारी मादी राहायची. होइट तिला मालकीणबाई म्हणायचा. दर वसंतात एकदा ती मला धरायची. होइट तिचा जबडा चिमटीत धरून उचलायचा, "काय मालकीणबाई, बरं आहे ना?" म्हणायचा आणि सोडून द्यायचा. तिच्या दातांनी माझा लाल रंग खरवडला गेलाय. आरसा नाही माझ्याकडं, पण त्या ओरखड्यांइतकं मला काही शोभत नसणार.

आता गार्लंड. याचं नाव घेतलं तरी माझ्या पोटातले छर्रे तापतात.

गार्लंड म्हणजे होइटच्या बायकोचा, ओलीनचा, धाकटा भाऊ. स्वतःच्या अंगणातलं गवत मोजपट्टी लावल्यासारखं कापणारा. दर उन्हाळ्यात सगळं खानदान होइटकडं जेवायला जमतं, पंचवीस गाड्या लागतात, आणि दर उन्हाळ्यात हा तळ्याकाठी उभा राहून तेच बोलायचा.

"दाजी, तळं आहे का दाढी वाढलेला बाबा? पोरांनी पोहायचं कुठं?"

"पोरांनी नळाखाली भिजावं," होइट म्हणायचा.

त्या वर्षी होइटचा गुडघा बदलायचा ठरला. शहरात ऑपरेशन, मग लेकीकडं मुक्काम. ओलीनही सोबत. मी मागच्या पडवीत, काठीच्या कडीला गळ अडकवून, तळ्याकडं तोंड करून उभा. आणि ऐन भट्टीसारख्या उन्हाळ्यात, जेवणावळीच्या आधी, हा गार्लंड गवतमाऱ्या औषधाचा डबा घेऊन आला. दाजींना खूश करायचं म्हणे!

डब्यावर लिहिलेलं असतं, थोड्या भागात मारा, मग थांबा. वाचलं कुणी? होडीत बसून शिट्टी वाजवत त्यानं सगळं तळं एका दमात झोडपलं. या टापूतल्या माणसांचा हा रोगच आहे. शेजाऱ्याचं भलं करायचं तर त्याला विचारायचं नाही, विचारलं तर उपकाराची मजा जाते.

गवत मेलं. मेलं ते कुजलं. कुजलेल्या गवतानं पाण्यातला श्वास पिऊन टाकला. एका सकाळी बघतो तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत. दुपारपर्यंत पांढरी पोटं. मला ओरडता येत नव्हतं, वारा आला की नुसता खुळखुळत होतो. गार्लंड आला, "अरे देवा," म्हणाला, ढकलगाडी आणली आणि सगळे गोठ्यामागं पुरले. हात धुतले. झालं!

होइट परतला जेवणावळीच्या दिवशीच. तळं आरशासारखं. पोरं पोहतायत. आधाराची काठी टेकत तो पडवीत आला, मला उचललं, काठावर गेला आणि पोरांपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात फेकलं. मी सरळ आलो. कुठं अडकलो नाही, एक झिपरी लागली नाही. ज्या गवताला मी जन्मभर शिव्या घातल्या ते नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. दुसरी फेक, तीच गत. होइट गळ बोटांनी चाचपत राहिला. स्वच्छ.

गार्लंड हसत आला, हातात बटाट्याच्या सॅलडची थाळी. "काय दाजी! ओळखलं का तळं?"

"मासे कुठं आहेत?"

"थोडे मेले हो. होतं असं. पुरले मी, तुम्हाला त्रास नको."

"मोठी होती का एखादी?"

"होती एक. दोन हातांनी उचलावी लागली बघा."

मी वाट बघत होतो. आता होइट याला पाण्यात ढकलणार. नुसता धरायचा आणि ढकलायचा! आणि माझा मालक काय म्हणाला?

"मेहनत घेतलीस, गार्लंड."

बस्स. इथं असंच चालतं. उपकार करणाऱ्याला तोंडावर वाईट म्हणायचं नाही. आत जळून राख झाली तरी चालेल, वर 'आणखी चहा घे.' गोड बर्फाळ चहाचा पेला गार्लंडच्या हातात दिला होइटनं. स्वतःच्या हातानं! रात्री ओलीन म्हणाली, "बोल की त्याला एकदा." तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे." ती म्हणाली, "म्हणून तर म्हणते, बोल." नाही बोलला. मला पुन्हा पडवीत टांगून ठेवलं.

पुढच्या वसंतात चारा-दुकानाच्या आवारात माशांची पिल्लं विकणारा ट्रक आला. ओलीन गाडी चालवत होती, होइट मांडीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन बसलेला. बोटाएवढी पिल्लं. सोडली. मग नुसतं थांबणं. जेवणावळी आल्या आणि गेल्या. मी गंजत होतो.

मग एका वसंतात होइटनं मला फेकलं आणि काहीतरी टचकन् लागलं. गळावर एक हिरवी झिपरी. होइटनं ती ओरबाडली नाही. हळूच सोडवली आणि वाकून, त्या नव्या गुडघ्यावर कळ सोसत, पाण्यात परत ठेवली.

एका वर्षात गवत कोपऱ्यात माजलं. आणि जेवणावळीच्या आधी गार्लंड हजर. हातात नवा डबा!

"दाजी, परत उगवलं बघा हे. तुम्ही बसा, मी आहे ना."

होइटनं डबा त्याच्या हातातून काढून खाली ठेवला. मग गळाची काठी त्याच्या हातात दिली. "आधी एकदा फेक."

"मला कुठं येतं?"

"फेक म्हणतो ना."

फेकलं त्यानं. मी गवतात रुतलो. "अडकलं! म्हणून तर म्हणतो, हे गवत..."

"झटका दे."

दिला. मी सुटलो, आणि धाडकन्! हातभर नव्हता, वीतभर असेल, पण बास होता. पिशवीतून आलेला, गवतात वाढलेला. गार्लंड लहान पोरासारखा ओरडला. मासा हातात घेऊन गळ काढायला गेला, मासा फडफडला, आणि मी... मला कुणी दोष देऊ नका... माझा मागचा काटा त्याच्या अंगठ्यात गच्च रुतवला.

"आई आई गं! दाजी!"

"हलू नको." होइटनं आधी मासा पाण्यात सोडला. मग दोरीचा एक तुकडा माझ्या काट्यात अडकवला, मला खाली दाबलं. "मालकीणबाईला पुरलंस तेव्हा तिच्या जबड्यावर जुना व्रण दिसला होता?"

"दिसला होता," गार्लंड बारीक आवाजात म्हणाला.

"तो या गळाचाच होता. तूच मारलीस तिला, गार्लंड. तू. मला न विचारता." आणि खाड्कन् दोरी ओढली. काटा बाहेर. "डबा गाडीत ठेव. परत तो या तळ्यावर दिसला तर तूही दिसू नकोस. जेवायला ये."

गार्लंड अंगठा चोखत गेला. डबाही गेला. ओलीन पडवीतून बघत होती, तिनं टेबलावर एक ताट जास्त मांडलं.

मी त्याला माफ केलेलं नाही. होइटनं केलं असेल, त्याचा तो मेहुणा आहे, माझा कोण? माझा रंग उडालाय, पुढचा गळ वाकलाय, छर्रे गंजून निम्मे आवाज करतात. तरी मला भिंतीवर टांगू नका. गवतात फेका. अडकू द्या. आणि तुमच्या घरामागं असं केसाळ, मळकट तळं असेल, तर त्याला हात लावायच्या आधी एकदा काठावर उभं राहून विचारा, इथं कोण राहतं म्हणून.