शेवटची चार कोरी पानं

माझ्या तेविसाव्या पुस्तकाची शेवटची चार पानं कोरी आहेत. छापखान्याची चूक नाही, मी मुद्दाम सोडली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुस्तक निघाल्यावर महिनाभर मी तेवढंच सांगत होतो. दारव्ह्याच्या एका वाचकाने प्रत परत पाठवली, वर चिठ्ठी: 'शेवट गळला आहे, चांगली प्रत द्यावी.' दिग्रसच्या एका मास्तरांनी फोन करून विचारलं, खुनी कोण ते तोंडी सांगता का?

मी रहस्यकथा लिहितो. पोटापाण्यासाठी यवतमाळला कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या अर्जातल्या कोऱ्या जागा भरून देतो. माझा नायक पूनमसिंग, निवृत्त हवालदार. बावीस पुस्तकांत त्याने बावीस गुन्हेगार पकडले. मग गेल्या वर्षी कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमनी तिथल्या चर्चासत्राला बोलावलं आणि माझं डोकं फिरलं. तिथे कळलं की आता रहस्यकथेत लेखक स्वतःच पात्र होऊन शिरतो, तपास लागत नाही, शेवट वाचकाने करायचा असतो. याला उत्तराधुनिक म्हणतात. म्हटलं, आपण काय कमी आहोत?

या पुस्तकात शाम नावाचा कापसाच्या जिनिंगमधला कारकून बसमध्ये चढतो आणि घरी पोचतच नाही. पूनमसिंग दोनशे पानं त्याला शोधतो. शेवटच्या प्रकरणात मी स्वतः पैनगंगेच्या काठावर येतो, पूनमसिंगच्या शेजारी बसतो आणि म्हणतो, "शामचं काय झालं ते मलाही माहीत नाही. वाचका, आता तू लिही." पुढे चार कोरी पानं. मॅडम खूश झाल्या, तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मी पंधरा दिवस हवेत होतो.

हवेतून खाली आलो तो फुलसावंगीला. तिथल्या वाचनालयाने बोलावलं होतं. शाल-नारळ झाला, चहा झाला, लोक पांगले. मग ग्रंथपाल शमा माझं पुस्तक घेऊन आली. तिच्यामागे साठीतल्या एक बाई होत्या.

"सर, या मैनाकाकू. तुमची सगळी पुस्तकं वाचली यांनी. हे तर तीनदा नेलं. त्यांची तक्रार आहे."

"छापायची चूक नाही ती," मी लगेच म्हणालो.

"ते मले समजलं, भाऊ," मैनाबाई बाकावर बसत म्हणाल्या. "तुमी सोता गोष्टीत आले. बरं वाटलं मले, म्हटलं आता हा सांगते. तं तुमी म्हनता, मले माहीत नाही. मंग आले काहून?"

मला हसू आलं. वाचकाचं स्वातंत्र्य वगैरे मी समजावून सांगू लागलो. चर्चासत्रातलं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते स्वातंत्र्य माह्या घरी लय हाये," त्या म्हणाल्या. "आमचे हे, रामराव, विहिरीवरच्या मोटारीचा पार्ट आनाले उमरखेडले गेलते. बसमधी बसताना लोकायनं पाह्यलं. नऊ वर्सं झाले. मी रोज एक शेवट करून राह्यली. सकाळी मारतो, संध्याकाळी परत आनतो. पित्तरात माही जाऊ आपल्या सासऱ्याचं ताट वाढते अन् माह्याकडे पाह्यते. मी वाढत नाही. वाढलं तं मी त्याले मारलं. नाही वाढलं, अन् खरंच मेला असन, तं नऊ वर्सं उपाशी ठेवला."

शमा खिडकीकडे पाहत उभी राहिली.

"रामरावचं मले माहीत नाही, कारन मी काही तो लिवला नाही. पन शामले तुमी लिवलं ना? तुमालेच माहीत नाही म्हनजे काय? तुमची पुस्तकं मी याच्यासाठी वाचतो, भाऊ. निदान तिथं तरी सापडते मानूस."

मी पुस्तक उघडलं. कोऱ्या पानांच्या कोपऱ्यांवर बोटांचे डाग होते. या बाईंनी ती रिकामी पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली होती. मला लाज वाटली. आणि खरं कारण आता सांगतो, प्रेरणा मॅडमनाही सांगितलं नव्हतं: मला शेवट सुचला नव्हता. सहा संशयित उभे केले आणि सातव्या महिन्यात मीच अडकलो. तेवढ्यात ते चर्चासत्र झालं आणि माझ्या आळसाला छान नाव मिळालं.

"जिवंत आणू का त्याला?" मी विचारलं.

"मी खूश व्हावी म्हनून आनू नका. मेला असन तं मेला लिवा. पन कुठं, कवा, कोनं, ते लिवा."

वाचनालयाच्या टेबलावर बसून मी लिहायला घेतलं. दीड तास लागला. मधे शमाने दोनदा चहा आणला. जिनिंगच्या वजनकाट्यातली लबाडी शामने पकडली होती. मुनीमाने बोलायचं निमित्त करून त्याला नदीच्या फाट्यावर उतरवून घेतलं आणि तिथेच त्याचा जीव घेतला. शामच्या डब्याच्या झाकणावरून पूनमसिंगला ते कळलं. झाकण चाळिसाव्या पानापासून तिथेच पडलं होतं, माझंच लक्ष नव्हतं.

मैनाबाईंनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. "वार कोनता?"

मी 'गुरुवार' घातलं.

"तिथी?"

मी षष्ठी लिहिली. मग त्यांनी न सांगता मीच शेवटची ओळ लिहिली, की त्या वर्षी पितरांच्या षष्ठीला शामच्या बायकोने ताट वाढलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पदराने पुसला. "सुटली बिचारी," म्हणाल्या.

चारातली दोन पानं भरली होती. माझा हात चालला होता, आणि खरं सांगू, मला त्या बाईंसाठी काहीतरी करायचं होतं. मी पान उलटलं आणि विचारलं, "रामरावांचंही लिहू का?"

त्यांनी कोऱ्या पानावर तळहात ठेवला.

"नाही, भाऊ. शाम तुमचा होता. रामराव तुमचा नाही." मग म्हणाल्या, "हे दोन पानं राहू द्या. कळलं तं मी लिवीन."

"आणि नाही कळलं तर?"

"तं कोरे राह्यतीन. आता याले मी तुमची चूक म्हननार नाही."

पुस्तकात लिहायचं नाही, अशी वाचनालयाच्या भिंतीवर पाटी होती. शमाने त्या पाटीकडे एकदा पाहिलं. मग पेन घेऊन मुखपृष्ठाच्या आत लिहिलं, 'शेवटची दोन पानं मैनाबाईंची आहेत.' मैनाबाईंनी पुस्तक चौथ्यांदा आपल्या नावावर लावून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.