मुका गंज

रुख्मिणीला आता स्वप्नातच स्वच्छ दिसतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोर पाहिलं की मधोमध धुकं, आणि कडेकडेने उरलेलं थोडं जग. माणूस पुढ्यात उभा राहिला तर त्याचा चेहरा नाहीसा होतो, कान आणि खांदे तेवढे राहतात. पण झोप लागली की हे धुकं निवळतं म्हणे. मग ती स्वप्नात स्वयंपाक करते आणि सकाळी मला सांगते, "आज फुनके केले होते. वाफ निंघून राहिली होती, अन् सांबार कसा हिरवागार दिसे." फुनके म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि सांबार म्हणजे आमच्या वऱ्हाडात कोथिंबीर.

"मंग मले काहून नाही वाढले?" मी विचारतो.

"तुमी उशिरा आले. सरले."

स्वप्नात स्वयंपाक, कारण जागेपणी तिला गॅसपाशी जायची मनाई होती. दिवाळीनंतर एकदा आमचा जुना जर्मनचा गंज कलंडला. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, गंज म्हणजे उभट पातेलं. त्याचं बूड झिजून गोल झालं होतं, शेगडीवर तो डुगडुगायचा. उकळतं पाणी रुख्मिणीच्या पावलावर सांडलं. जखम लवकर भरली, पण सीमा फार घाबरली. सीमा आमची सून. अमरावतीतच एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात तिची नोकरी. आमचा विपुल संत्र्याच्या व्यापारात, त्याची सारखी मोर्शीला ये-जा. दिवसभर घरात आम्ही दोघं म्हातारे. तेव्हापासून सीमा पहाटे उठून सगळं रांधून ठेवायची आणि निघताना सिलिंडर बंद करून जायची. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

रुख्मिणी भांडली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहायची. तिचे हात मात्र मांडीवर हलत असायचे. एकदा मी नीट पाहिलं. ती भाकर थापत होती. पीठ नव्हतं, परात नव्हती, नुसते हात.

एका संध्याकाळी ती सीमाला म्हणाली, "मले नवे भांडे पायजे. स्टीलचे. मी निवडीन. त्याच्यात जमलं तर जमलं, नाही तर पुन्हा मी गॅसचं नाव नाही काढनार."

सीमाने तिच्या पावलाकडे पाहिलं. "बरं. पन आई, बूड जड पायजे. डुगडुगनारं भांडं मी घरात येऊ देनार नाही."

ठरलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सीमा आणि आम्ही दोघं ऑटोने जवाहर गेटच्या बाजारात गेलो. बरोबर आमची नात आचल. तिसरीत आहे, आणि 'का' हा शब्द तिच्या तोंडात कायम असतो.

भांड्यांचं दुकान छतापर्यंत भरलेलं होतं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन दारातून आत आलं होतं आणि प्रत्येक भांड्याने त्यातलं थोडंथोडं घेऊन ठेवलं होतं. रुख्मिणी पायरीवरच थांबली.

"आता दुपार हाये ना? मंग हे चांदनं काहून पडलं?"

"आजी, भांडे आहेत ते," आचल म्हणाली.

"असू दे. मले चांदनं दिसते."

आम्ही आत गेलो. फुगीर डब्यांवर आमचे चेहरे पसरट होऊन सरकत होते. एका कळशीत आचलचं डोकं कलिंगडाएवढं झालं, शेजारच्या पेल्यात लिंबाएवढं. रुख्मिणी हात पुढे करून चालत होती, पाण्यात उतरल्यासारखी, आणि वाटेत येईल त्या भांड्याला बोटं लावत होती.

दुकानदार कुंदनभाऊ बोलके. त्यांनी पहिलाच सेट समोर मांडला आणि म्हणाले, "मावशी, हे काचेचं झाकन पाहा. आत काय शिजून राहिलं ते सारं दिसते."

"कोनाले दिसते?"

कुंदनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांकडे बोट दाखवलं. ते बिचारे ओशाळले.

"तुले दिसते ना?" रुख्मिणी हसत म्हणाली. "मंग तू ये घरी. माह्या वरनापाशी बस."

मग तिने तिच्या पद्धतीने निवड सुरू केली. तिचं माहेर चांदूर बाजारचं. तिथल्या बाजारात तिच्या आईने तिला माठ घ्यायला शिकवलं होतं. बोटाच्या पेराने ठोकायचं. खणखणला तर नीट भाजलेला. ठप्प वाजला तर कुठेतरी तडा. आयुष्यभर तिने याच परीक्षेने माठ घेतले आणि एकही गळका निघाला नाही. तेच पेर आता ती स्टीलवर वाजवत होती.

एक पातळ गंज फार गोड वाजला. सूर निघाला आणि बराच वेळ हवेत राहिला. रुख्मिणीने मान तिरकी केली. तिचा चेहरा झोपेत दिसतो तसा सैल झाला.

"हा," ती म्हणाली.

सीमाने तो गंज काउंटरवर ठेवला आणि त्यात लांब दांड्याची पळी उभी केली. गंज लगेच एका अंगावर झुकला. "आई, नुसता पत्रा आहे हा. जुन्याचाच भाऊ."

मग कुंदनभाऊंनी जड सेट काढला. लहानमोठे गंज, एक कढई, दोन्ही बाजूंना रुंद कान, स्टीलची झाकणं. सीमाने पळी टाकून पाहिली, काउंटर हलवून पाहिलं. गंज जागचा हलला नाही. "हाच," ती म्हणाली.

रुख्मिणीने पेराने ठोकलं. ठप्प.

"फुटका आहे."

"मावशी, आत्ताच खोका उघडला तुमच्यापुढं!"

"मंग मुका आहे." तिने हात मागे घेतला. "मले मुकं भांडं नको. माहे डोये तर गेले. आता भांड्यानंही बोलू नाही का?"

मी जुना शाळामास्तर, समजावायला गेलो. त्या गंजाचं बूड पदरी असतं. दोन बाजूंना स्टील आणि मध्ये जर्मनचा जाड थर. त्यामुळे आच सगळीकडे सारखी पसरते, तळाला करपत नाही. आणि त्या थरामुळेच ठोक आतल्या आत जिरते. तडा नसतो.

"शाळा सुटली तुमची," रुख्मिणी म्हणाली. "पोट्टे घरी गेले. तुमीच बसून राहिले."

कुंदनभाऊ खोकल्याच्या आडून हसले. सीमा हसली नाही. "आई, हलकं मी घेऊ देनार नाही. अन् जड तुमाले चालत नाही. मंग राहू द्या. चला घरी."

रुख्मिणीने पदर खांद्यावर नीट केला आणि दार कुठे आहे ते उन्हाच्या अंदाजाने शोधू लागली. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. या दुकानातून रिकाम्या हाताने निघालो, की ती कायमची उंबऱ्याशी बसणार.

सांगून पटत नसेल तर करून पाहायला लावावं, असं मी वर्गात करत असे. मी आचलला जवळ घेतलं. "बेटा, अंधारात माठाखाली तांब्या धरला, तर भरत आला हे कसं समजते?"

आचलने डोळे मिटले. मुलं खरा विचार करतात तेव्हा डोळे मिटतात. "आवाज बदलते, आबाजी. आधी जाडा येते, मंग बारीक होत जाते."

"काहून?"

"तांब्यातली जागा कमी होते म्हनून?"

"मंग त्या गंजाले विचार."

कुंदनभाऊंनी कोपऱ्यातला पाण्याचा जार पुढे सरकवला. "भांडं ओलं केलं तर घ्या लागन हो," ते बजावून म्हणाले, पण प्लास्टिकचा मोठा मगसुद्धा त्यांनीच भरून दिला.

आचलने पाणी ओतायला सुरुवात केली. आधी खालून जाड, घोगरा आवाज आला, खूप खोल कोणीतरी कूस बदलावी तसा. मग तो वर चढू लागला. रुख्मिणी दाराकडे तोंड करून उभी होती. तिची मान हळूहळू वळली. आवाज आणखी बारीक झाला, दोऱ्यासारखा.

"बस."

आचल थांबली. पाणी काठाच्या दोन बोटं खाली होतं.

सीमा पुढे आली. गंज रिकामा करून तिने तो पाण्याचा मग आपल्या हातात घेतला आणि मुद्दाम घाईने ओतू लागली, मध्येच हळू, पुन्हा घाईने.

"बस," रुख्मिणी म्हणाली. "अन् तू रागानं काहून ओतून राहिली व?"

पुन्हा दोन बोटं. सीमाने स्वतःचं बोट बुडवून पाहिलं.

"आता अर्धा झाला की सांग, आजी!" आचलला खेळच मिळाला होता.

रुख्मिणी आता काउंटरला टेकून उभी होती, डोळे मिटून. पाणी पडत होतं. तिच्या चेहऱ्यावर मोर्शीच्या आमच्या जुन्या शेतातली विहीर आली होती. मला ती विहीर दिसली म्हणा ना, तिच्या कडेचं उंबराचं झाड, पाण्यावरची पिवळी पानं, आणि दोर सोडत वाकलेली तरणी रुख्मिणी. कळशी तिथे अशीच घोगऱ्या आवाजात बुडायची. "आता अर्धा," ती त्या विहिरीपाशीच उभी राहून म्हणाली. आचलने वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली.

रुख्मिणीने ओल्या गंजाला दोन्ही हात लावले, पोराचं तोंड धरावं तसे. "बोलते हा. मी ठोकलं म्हनून गप बसला. पानी पाजलं तं बोलला."

झाकणं मात्र तिने बराच वेळ चाचपून पाहिली. घट्ट बसणारी तिने बाजूला सारली.

"मावशी, लोक घट्टच मागतात."

"लोकाले डोये हायेत. मले वाफेनं नाचनारं झाकन दे."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सीमाने स्वतः सिलिंडर चालू केला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तू दारात नको उभी राहू," रुख्मिणी म्हणाली. "जेवढा उजेड येते तोही अडते. बाहीर बस."

सीमा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली, पण नुसती टेकलेली. आतून तूरडाळ धुतल्याचा आवाज आला. मग गंजात पाणी चढल्याचा. तो थांबला. काडी पेटली. बऱ्याच वेळाने झाकण टकटक करू लागलं, मग थडथड. सीमा उठली. ती दाराशी पोचायच्या आत थडथड मंदावली होती. रुख्मिणीने आच कमी केली होती.

आम्ही दोघांनी आत डोकावलं. वाफेने खोली भरली होती. मधोमध धुकं, आणि कडेला तिचा खांदा, बांगड्या, पळी धरलेला हात. तिला जग असंच दिसत असेल का, असं मला वाटलं. ती फोडणी घालत होती. मोहरी तडतडली, लसणाचा वास घरभर फिरला. ती घाईत नव्हती. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी, पण प्रत्येक गोष्ट बरोबर हाताला लागत होती.

सीमा दाराशीच थांबली. मग परत येऊन बसली, आणि या वेळी खुर्चीला पाठ टेकवून.

जेवताना तिने दुसऱ्यांदा वरण घेतलं. हात धुऊन झाल्यावर टॉवेलची घडी करत म्हणाली, "आई, उद्या क्लासमदी परीक्षा आहे. मले लवकर निंघा लागते. माहा डबा तुमी करून द्यान?"

ताटं गोळा करता करता रुख्मिणीने विचारलं, "सिलिंडर?"

"चालू राहू देते."

"भाजी कायची?"

"तुमाले पायजे ती."

"खानार तू अन् सांगू मी? नीट सांग."

"वांग्याची. तिखट कमी."

"तिखट कमी करा लागते तं वांगं कायले पायजे बाप्पा," असं पुटपुटत ती उठली, टोपलीपाशी जाऊन बसली आणि एकेक वांगं हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहू लागली.