मला काढल्यावरही येणारा आवाज

ऐकवणं हे माझं काम. बोलतोय मात्र आज पहिल्यांदाच. मी एका आजींच्या उजव्या कानामागे बसतो. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात, घरचे नुसतं 'मशीन'. मूर्तीने लहान आहे, पण कामात चोख.

आजींनी आयुष्यभर शर्ट शिवले. शिलाई मशीनच्या खडखडाटाने म्हणा, वयाने म्हणा, कान मंदावले आणि मुलगा मला घेऊन आला. पहिल्याच दिवशी सुनेने ओट्यावर पातेलं ठेवलं तशा आजी दचकल्या. "अगंबाई, तू रोज एवढी आदळआपट करतेस होय? बहिरी होते तेच बरं होतं!" दोघी पोट धरून हसल्या.

पुढे मात्र वेगळंच सुरू झालं. वरच्या मजल्यावरचे मास्तर आपल्याविषयी बोलतात, असं आजी सांगू लागल्या. "सुनेला म्हणतो, म्हातारीच्या ताटात काहीतरी कालव." मी चाटच पडलो. माझ्यातून असा शब्द गेलाच नव्हता. मास्तर तर दिवसभर शाळेत! आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. सुनेने वाढलेलं ताट तसंच परत जायचं. त्या वाळत चालल्या.

खापर कुणावर फुटावं? माझ्यावर! "मशीन भलतीकडचं बोलणं पकडत असेल," मुलगा म्हणाला. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात खेपा सुरू झाल्या. दुकानदार दर वेळी सांगे, "ठणठणीत आहे हो. उगाच कशाला उघडायला लावता?"

एका दुपारी आजी छत ठोकत असताना सुनेने मला अलगद काढून मुठीत धरलं. बाहेर हॉर्न वाजला. आजींनी मानही वळवली नाही. सून त्यांच्या कानाशी ओरडली, "आई, मास्तर अजून बोलतायत?"

"बोलतोय की! तुला ऐकू येत नाही? मग तूच लाव ते मशीन!"

मी मुठीत असतानाच सुनेने नवऱ्याला फोन लावला. त्याच आठवड्यात आजी मनाच्या डॉक्टरांसमोर बसल्या होत्या.

"स्किझोफ्रेनिया? तो तर तरुणपणी होतो ना?" मुलाने विचारलं.

"बहुतेकदा. पण साठीनंतरही पहिल्यांदा होऊ शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऐकू कमी येत असेल तर शक्यता वाढते. गोळ्या द्या, आणि मशीन काढून ठेवू नका."

"गोळ्यांचं पाकीट मी माझ्या हाताने फोडणार," आजींनी अट घातली. सुनेने ती लगेच मान्य केली.

आवाज अजून पुरता गेलेला नाही, पण ओसरलाय. आला की आजी मला काढून बघतात. तरी चालूच राहिला, तर "बस बडबडत," असं त्याला दटावून मला परत लावतात. तुमच्याही घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नसलेलं ऐकू येऊ लागलं, तर नुसतं मला दुरुस्तीला धाडू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या.

काल सून आतून हाका मारत होती. आजींनी मला काढलं, हाक बंद. लावलं, हाक सुरू.

"खरी आहेस गं बाई," त्या उठत म्हणाल्या. "वाढ, आलेच."