थंडीत ओरडणाऱ्या बेअरिंगची कैफियत

मी बेअरिंग बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय! मिस्त्रीनं मला गॅरेजच्या खिडकीत ठेवलंय. गिऱ्हाईक आलं की मला बोटात अडकवून गरकन फिरवतो आणि म्हणतो, "ऐका, हा कसा बोलतो ते!" मी काय खेळणं आहे? त्यापेक्षा एकदाच सगळं सांगून मोकळा होतो. मी शिकलेला नाही. जसं तोंडाला येईल तसं सांगणार, पटलं तर ऐका.

मी पोलादाचा. दोन कड्या, मधे आठ गोळ्या, त्यांना जागच्या जागी धरणारा एक पिंजरा आणि पोटात थोडं ग्रीस. जन्म कारखान्यातला. मला एका छोट्या पुलीत ठोकून बसवलं आणि ती पुली एका गाडीच्या इंजिनावर चढवली. काम एकच, पट्टा ताणून धरायचा. ऐकायला फालतू वाटतं. पण त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरतो, बॅटरीचा डायनॅमो फिरतो आणि स्टेअरिंग हलकं ठेवणारा पंपही फिरतो. मी अडकलो की पट्टा गेला. पट्टा गेला की स्टेअरिंग दगडासारखं जड.

गाडी पाववाल्याची. बेकरीतून पाव उचलायचा आणि डोंगरापलीकडच्या दुकानांत पोचवायचा, म्हणून सगळे त्याला पाववालाच म्हणत. माणूस साठीला आलेला, गाडीला जिवापाड जपणारा. सकाळी इंजिन सुरू करून दहा मिनिटं तसंच ठेवायचा, तेवढ्यात काचा पुसायचा, मगच निघायचा.

नऊ हिवाळे मी गुमान काढले. दहाव्यात पोटातलं ग्रीस वाळलं. थंडीत ते मेणासारखं व्हायचं, गोळ्या फिरायच्या सोडून घासायला लागायच्या आणि मी किंचाळायचो. हौस म्हणून नाही, भीतीनं. पिंजऱ्याला केसाएवढा तडा गेला होता. तो बाहेरून दिसत नव्हता, पण मला आतून टोचत होता. इंजिन तापलं की ग्रीस सैल व्हायचं आणि माझा आवाज बसायचा. तडा मात्र तिथंच.

पाववाल्याची बायको हात पुसत दारात आली. "अहो, गाडी केवढ्यानं किंचाळतेय!"

"थंडी वाजत असेल तिला."

"चेष्टा पुरे. रविवारी लेकीला आणायचंय. वीस दिवसांचं बाळ घेऊन डोंगर उतरायचाय. मिस्त्रीला दाखवून या आजच."

तो गेला. पण जाईपर्यंत इंजिन तापलेलं, मी गप्प. मिस्त्रीनं कान लावला, डोकं खाजवलं आणि अंदाजानं पट्टा बदलला. "दादा, उद्या सकाळी ऐका आणि मला फोन करून सांगा. तुमच्या सांगण्यावर पुढचं ठरेल."

दुसऱ्या दिवशी मी असा ओरडलो की भिंतीवरचं मांजर पळालं. आणि हा शहाणा फोनवर म्हणतो कसा, "मिस्त्री, गेला आवाज. एकदम गेला!"

माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पोटात गोळ्या असतातच, पण हा वेगळा. अरे, मी तुझ्या पुढ्यात बोंब मारतोय आणि तू म्हणतोस गेला?

त्यानंतर रोज डोंगर उतरताना माझा जीव टांगणीला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा, त्यापलीकडं काही नाही. बुधवारी तिसऱ्या वळणावर पिंजरा तुटला. एक गोळी दुसरीवर चढली, मी क्षणभर अडकलो, पट्टा करपल्याचा वास आला, स्टेअरिंग जड झालं. मग कसाबसा सुटलो. पाववाला खांदा चोळत म्हणाला, "आज हात दुखतोय वाटतं." मला रविवार दिसत होता. मागच्या सीटवर बाळ दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बायको स्वतः त्याच्यासोबत गॅरेजात आली. मिस्त्री हसला. "वहिनी, दादा तर म्हणतात आवाज नाही. तुम्हाला भास होत असेल."

"ताप उतरल्यावर नाडी बघता आणि पेशंट ठणठणीत म्हणता? गाडी आज इथंच राहील. सकाळी थंडगार असताना तुम्ही सुरू करा. मीही येते."

"अगं, उगाच कशाला—" पाववाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

शनिवारी सकाळी मिस्त्रीनं किल्ली फिरवली. मी होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडलो. मिस्त्रीनं दात आवळले. वहिनींनी कानांवर हात ठेवले. आणि पाववाला दोघांकडं बघत ऐटीत म्हणाला, "बघा! आहे का कुठं आवाज?"

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "परवा कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या, तुम्ही शेजारी पेपर वाचत होता. मला वाटलं, मुद्दाम करताय."

पाववाला टायरवर बसला. "बोललेलं कळतं गं. इंजिनाची घरघर कळते. बारीक आवाज मात्र येत नाही. वर्ष झालं. सांगितलं तर गाडी काढून घेतील हातातून."

मिस्त्रीनं खाली बघत कामाला हात घातला. इंजिन पुन्हा सुरू करून पट्ट्यावर पाणी शिंपडलं. माझा आवाज जराही बदलला नाही. "पट्ट्याचा दोष असता तर आवाज बदलला असता," म्हणाला. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या बोल्टवर आणि मूठ स्वतःच्या कानाला. चेहरा पांढरा पडला त्याचा. मला सोडवून हातात फिरवलं. खर्रर्र! पिंजऱ्याचा तुकडा त्याच्या तळहातावर पडला.

"वहिनी, गाडी डोंगर चढली असती. उतरली असती का, सांगता येत नाही. चुकलो मी, स्वतः ऐकायला हवं होतं." मग मला फडक्यानं पुसत म्हणाला, "म्हातारबा, तुझ्याशीही चुकलोच."

"उद्या गाडी तुम्ही चालवा, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. "हे मागं बसतील, लेकीजवळ. आणि सोमवारी कानाचा डॉक्टर." पाववाल्यानं मुकाट्यानं मान हलवली. नवा बेअरिंग बसला, बाळ सुखरूप घरी आलं.

तेव्हा बाबांनो, गाडी थंडीत ओरडली तर तापवून तिचं तोंड बंद करू नका. थंड असतानाच ऐका. ऐकू येत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा कसला? पण न ऐकता "गेला आवाज" म्हणू नका. आमचं काय, आम्ही भंगारात जाऊ. तुमची पोरंबाळं असतात मागच्या सीटवर.

मिस्त्रीनं माझी माफी मागितली. वहिनींनी तर मला हातात घेऊन डोळे पुसले. एक जण तेवढा राहिलाय. कानात यंत्र घालून दर महिन्याला येतो, या खिडकीपाशी उभा राहतो, मिस्त्रीनं मला फिरवलं की आता त्याला सगळं ऐकू येतं, आणि तो बूट बघत राहतो. तो पाववाला.