भेटली आणि पेटली

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. तंजावूरच्या एका खासगी एफएम केंद्रात माझा सारा जन्म गेला. म्हातारे आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मला सांगायची आहे ती माझी लाजिरवाणी गोष्ट, आणि ती सांगताना अजून मान वर होत नाही.

केंद्र सुरू झालं तेव्हा मी नवाकोरा होतो. रेशमी साड्यांच्या, दागिन्यांच्या, कॉफीपुडीच्या जाहिराती माझ्यातून गावभर जात. लोक म्हणत, "काय खणखणीत आवाज!" आवाज माणसांचा, पण फुगायचो मी.

दर रविवारी सकाळी अर्धा तास वसुमतीबाई तंजावरी मराठीत बोलत. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, पेशानं शिक्षिका. देवनागरी त्यांना वाचता येत नसे, म्हणून त्या मराठी मजकूर तमिळ अक्षरांत लिहून आणत. काचेपलीकडे बसलेले लोक हसत, आणि खरं सांगतो, मीही मनात हसायचो. भाषा जुनाट आणि लिपी उसनी! माझी तार सैल झाली होती, त्यामुळे मी मध्येच खरखरायचो. बोल मात्र वसुमतीबाईंच्या आवाजाला लागायचा आणि मी मूग गिळून बसायचो. पुढे जाहिरातदार मिळेना म्हणून तो अर्धा तास बंद झाला.

गेल्या वर्षी वसुमतीबाईंच्या आत्या हिराबाई घरातून कुठेतरी निघून गेल्या. वय ऐंशीच्या पुढे, आठवण दगा द्यायची. त्यांचे धाकटे भाऊ शहाजीराव तिरुवैयारुला एकटेच राहत. मोबाईलचं त्यांना वावडं. हरवल्याची सूचना आमच्या केंद्रावरून जात होती, म्हणून दोन दिवस ते कानाशी रेडिओ धरून बहिणीच्या बातमीची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी हिराबाई ओरत्तनाडूच्या बसस्टँडवर सापडल्याचा फोन आला आणि वसुमतीबाई धावतच केंद्रात आल्या.

"दोनच वाक्यं आहेत. मला बोलूं द्या. काका ऐकत बसलेत."

निवेदक सतीशकुमारनं त्यांच्या हातची चिठ्ठी घेतली आणि तो तमिळमध्ये म्हणाला, "तमिळ अक्षरंच ना, अम्मा? तुम्ही आत्यांना आणायला निघा. मी वाचतो."

तमिळ लिपीत 'प' आणि 'भ' यांना एकच अक्षर असतं. मराठी माणूस शब्द ओळखून बरोबर वाचतो. सतीशकुमारला मराठी येत नव्हती. चिठ्ठीत होतं 'भेटली', म्हणजे सापडली. त्यानं समोर दिसलं ते वाचलं, "हिराबाई ओरत्तनाडूत पेटली. सांजेला घरी आणतों."

मित्रांनो, मला चूक कळली होती! इतक्या रविवारांनी मला मराठी शिकवली होती. एरवी ऊठसूट खरखरणारा मी त्या एका शब्दावर खरखरलो असतो, तर किती बरं झालं असतं. पण 'पेटली' माझ्यातून अगदी स्वच्छ गेलं.

पुढचं मला वसुमतीबाईंकडून कळलं. शहाजीराव रेडिओ बंद करून कावेरीवर गेले. बहिणीच्या नावानं त्यांनी बुडी मारली आणि ओल्या धोतरानं ओट्यावर येऊन बसले. संध्याकाळी दारात रिक्षा थांबली; वसुमतीबाईंनी आत्यांना आधी भावाकडेच आणलं होतं. हिराबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "शहाजी, ओला कां बसलास? जेवलास कीं नाहीं?"

"तुझ्या नावानं अंघोळ केलों, अक्का," एवढंच ते बोलले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून सतीशकुमारनं हात जोडले. वसुमतीबाई रागावल्या नाहीत. "मला बोलूं द्यायचं होतंस, बाबा," एवढंच म्हणाल्या. त्यांनी रागावायला हवं होतं.

त्यानंतर आठवडाभरातच हिराबाईंची आठवण पुरती गेली. आता त्या भावालाही ओळखत नाहीत. त्यांनी त्याला नावानं हाक मारली तो शेवटचा दिवस होता, आणि त्या दिवसाचा बराचसा वेळ मी त्याला बहिणीचं सुतक धरायला लावलं.

मित्रांनो, कुणाच्या बोलण्याला हसू नका. आणि कुणी आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलायला तुमच्याकडे आलं, तर त्याच्या हातातला कागद काढून घेऊ नका. खुर्ची द्या, आणि त्यालाच बोलू द्या.